नर्सिंग इन्फॉर्मेटिक्समध्ये अनुभवी सिस्टरने जावं की नाही?

अनुराधा (पुणे):
नर्सिंग इन्फॉर्मेटिक्स म्हणजे रुग्णालयातल्या कॉम्प्युटर यंत्रणा नर्सिंगच्या कामाला साजेशा करण्याचं क्षेत्र. माझं मत स्पष्ट आहे: जावं, आणि वॉर्डात तीन-चार वर्षं घासल्यावरच जावं. मी आयसीयूतून एका खासगी रुग्णालयाच्या ईएमआर (रुग्णांच्या कॉम्प्युटरवरच्या नोंदी) टीममध्ये आले. आमचं काम म्हणजे डेटा एन्ट्री, असा सगळ्यांचा समज असतो. तसं नाही. कोणती नोंद कोणत्या क्रमाने व्हावी, ॲलर्जीची सूचना नेमकी कधी यावी, ओव्हर देताना, म्हणजे शिफ्ट बदलताना पुढच्या सिस्टरला माहिती सोपवताना, काय एका नजरेत दिसावं, हे ठरवणं म्हणजे आमचं काम.

एक उदाहरण देते. आमच्याकडे शुगर एका स्क्रीनवर भरायची आणि इन्शुलिन दुसऱ्या. मग सिस्टर काय करायच्या? ग्लव्हजच्या खोक्यावर पेनाने शुगर लिहायच्या, दुसरी स्क्रीन उघडायच्या आणि डोस टाकायच्या. खोकं संपलं की आकडाही कचऱ्यात. सॉफ्टवेअर करणाऱ्या मुलांच्या लेखी ती दोन वेगळी मॉड्यूल्स होती, त्यांना त्यात काही खटकलंच नाही. नाईटला स्लायडिंग स्केल (शुगरच्या आकड्यानुसार इन्शुलिनचा डोस सांगणारा तक्ता) बघून इन्शुलिन दिलेल्या कुणालाही ते पहिल्याच दिवशी खटकलं असतं. आता शुगर, मागचा डोस आणि त्याची वेळ एकाच जागी दिसते.

अमेरिकेत नर्सेसच्या राष्ट्रीय संघटनेने १९९२ मध्येच ही स्वतंत्र शाखा मानली. आपल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नव्या बीएस्सी अभ्यासक्रमातही दुसऱ्या सेमिस्टरला हा विषय आहे. तरी मुलींना यात करिअर आहे हे कुणी सांगत नाही.

मंदाकिनी, अधिपरिचारिका:
अनुराधाताई, मला हे पटत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जनरल वॉर्डाला तीन रुग्णांमागे एक नर्स हे कौन्सिलचंच प्रमाण आहे. आमच्याकडे नाईटला पूर्ण वॉर्ड दोघींवर असतो. जिला रुग्णाचा चेहरा बघून बीपी पडतंय हे कळतं, तिलाच उचलून कॉम्प्युटरसमोर बसवायचं? मग नव्या मुलींना शिकवणार कोण?

आणि तुमच्या ईएमआरने आमचं काम कमी झालेलं नाही, दुप्पट झालंय. रजिस्टर भरा, तेच परत कॉम्प्युटरवर भरा. नेट गेलं की कागदावर, आलं की पुन्हा एन्ट्री. पदाचं म्हणाल तर सरकारी सेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी शिडी आहे. त्यात ही पायरी कुठे? 'सिस्टर, तुम्हाला जमतं ना, मग तुम्हीच बघा,' एवढंच पदरात पडतं.

निखिल (आयटी):
हॉस्पिटल सॉफ्टवेअरवर काम करतो. नर्सच हवी असं काही नाही. चांगला बिझनेस ॲनालिस्ट (कामाची गरज समजून ती सॉफ्टवेअरवाल्यांना सांगणारा) आठवडाभर वॉर्डात बसला तर त्याला सगळं कळतं.

अनुराधा:
निखिल, तो बसतो कधी? सकाळी दहा ते पाच. त्याला राऊंड दिसतो. ॲडमिशनची गर्दी, एका सिस्टरने तिघांचे ड्रिप सांभाळत केलेली नोंद, शिफ्ट संपताना सगळं एकदम भरणं, यातलं काही दिसत नाही. म्हणून तो प्रत्येक फॉर्ममध्ये वीस रकाने सक्तीचे करतो आणि सिस्टर पुढे जाण्यासाठी सगळीकडे 'नॉर्मल' टिक करतात. ती नोंद कोऱ्या कागदाहून वाईट, कारण डॉक्टर तिच्यावर विश्वास ठेवतात.

मंदाकिनीताई, दुहेरी नोंदीचा तुमचा राग अगदी रास्त आहे. पण रजिस्टर बंद करायचं असेल तर कोणतं बंद करता येईल आणि कोणतं कायद्यासाठी लागतंच, हे सांगणारी सिस्टर त्या बैठकीत असायला हवी. आज तिथे ती नसते. पदाबाबत तुमचं म्हणणं मान्य. सरकारी नोकरीत असाल तर पद मंजूर झाल्याशिवाय उडी मारू नका. माझा सल्ला खासगी रुग्णालयातल्या मुलींसाठी आहे.

स्नेहल (नाशिक):
ताई, माझं बीएस्सी नुकतंच झालंय. लगेच एखादा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स करू का?

अनुराधा:
स्नेहल, लगेच नको. अमेरिकेतल्या प्रमाणपत्र परीक्षेलाही आधी दोन वर्षं पूर्णवेळ नर्सिंग झालेलं लागतं, ते उगाच नाही. वॉर्डात राहा. तुमच्याकडे नवीन सिस्टीम येत असेल तर 'सुपर युजर' (सिस्टीम आधी शिकून बाकीच्यांना मदत करणारी) म्हणून नाव दे, बहुतेकींची सुरुवात तिथूनच होते. सोबत एक्सेल पक्कं कर, मग थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा). आयुष्मान भारत डिजिटल मिशन (आरोग्य नोंदी डिजिटल जोडण्याची सरकारी योजना) आणि त्यातला आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य ओळख क्रमांक, समजून घे. स्नोमेड सीटी (वैद्यकीय संज्ञांची प्रमाण यादी) आणि एफएचआयआर (दोन सिस्टीममध्ये आरोग्य माहिती पाठवायचं मानक) कशासाठी असतात एवढं कळलं तरी मुलाखतीत फरक पडतो. आणि पगाराची बोलणी करताना नाईट अलाउन्स बंद होणार हे धरून आकडा सांग, नाहीतर हातात पहिल्यापेक्षा कमी येतं.

मंदाकिनी, अधिपरिचारिका:
स्नेहल, दोन नाही, पाच वर्षं राहा. अनुराधाताई, तुमचं ग्लव्हजच्या खोक्याचं उदाहरण शंभर टक्के खरं आहे, आमच्याकडे हातावर लिहितात. पण अशी एक सिस्टर वॉर्डातून नेली, तर तिच्या जागी दुसरी भरल्याशिवाय सोडू नये, हा नियम रुग्णालयाने आधी लेखी द्यावा. तोवर माझा विरोध कायम.