पद्मिनीला सर्व्हो बसवल्यापासून घाटात चारही चाकं धरतात

बांदोड्याची_फियाट
नमस्कार मंडळी. वडिलांच्या वेळची १९७६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, चारही चाकांना ड्रम. माझा गुडघा दुखतो, पेडल जड जातं, म्हणून जुना ब्रिटिश बनावटीचा रिमोट सर्व्हो (इंजिनच्या व्हॅक्यूमने ब्रेकचा जोर वाढवणारा, पेडलपासून लांब पाइपमध्ये बसणारा डबा) मिळवला, आतले रबर नवे घालून बसवून घेतला. त्याची व्हॅक्यूमची नळी इंजिनच्या इनलेट मॅनिफोल्डवरून घेतलीय. फोंड्यात, पणजीत गाडी झकास थांबते.
पण परवा बेळगावहून चोर्ल्याने उतरलो, तर केरीला येईस्तोवर गाडी ओढेना. पेडल वरच्या वर घट्ट. न्यूट्रलमध्ये ढकलली तरी जागची हलेना, चारही ड्रमना हात लावता येईना. चहा-भजी होईपर्यंत आपोआप मोकळी झाली. मेकॅनिक म्हणतो सर्व्हो जास्त ओढतोय, कमी करायला हवा. तो कमी करायचा स्क्रू नेमका कुठे असतो?

मडगावचा_दोडो
कशाला त्या जुन्या डब्याच्या नादी लागता? मारुतीचा बूस्टर, म्हणजे तिचा सर्व्हो, मास्टर सिलिंडरसकट उचला आणि टाका.

मेस्त_सांखळी
दोडोबाब, मारुतीचा बूस्टर पेडलच्या मागे बसतो. त्याला ब्रॅकेट, पेडलची लांबी, पाइप सगळं बदलावं लागेल. शिवाय त्याचा मास्टर दोन सर्किटचा, म्हणजे तेलाच्या दोन वेगळ्या लाइनींचा, पद्मिनीची लाइन एकच. ते राहू दे.

बांदोडकर, रिमोट सर्व्होला असा स्क्रू नसतोच. तो किती जोर लावणार हे त्याच्या आतल्या पिस्टनच्या आणि पडद्याच्या मापावर ठरलेलं असतं. ॲडजस्ट करायचं ते त्याच्या अलीकडे आणि पलीकडे: अलीकडे पेडलचा रॉड, पलीकडे चाकातले शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवतात ते.

चारही चाकं एकदम धरली म्हणजे दोष चाकांत नाही, वर कुठेतरी आहे. माझा संशय रॉडवर. पाय उचलल्यावर मास्टरचा, म्हणजे पेडलने तेल ढकलणाऱ्या सिलिंडरचा, पिस्टन पुरता मागे यायला हवा, तरच ब्रेकचं तेल त्याच्या टाकीत परतायचं बारीक भोक उघडतं. रॉडला प्ले, म्हणजे थोडी मोकळी जागा, नसेल तर पिस्टनचा रबरी वॉशर त्या भोकावर बसून राहतो. घाटात तेल तापतं, फुगतं आणि कोंडतं. सर्व्हो नसताना एवढ्याशा दाबाने शू जेमतेम घासले असते, तुम्हाला कळलंही नसतं. पण रिमोट सर्व्होचा व्हॉल्व्ह मास्टरच्या दाबानेच उघडतो. त्याला वाटतं तुम्ही ब्रेक दाबलाय, मग तो तोच दाब वाढवून खाली पाठवतो. शू घासतात, तेल आणखी तापतं, दाब आणखी चढतो. म्हणून दोष जुना असला तरी दिसला आत्ता.

खात्री करायची तर गाडी धरलेली असतानाच करा. चाकांना दगड लावा, ब्रेक सुटला की ती पळेल.
आधी सर्व्होची व्हॅक्यूम नळी उपसा. तेवढ्याने गाडी सुटली तर एकतर सर्व्होचा हवेचा व्हॉल्व्ह अडकतोय, नाहीतर वर म्हटलं तसं मास्टरमध्ये दाब कोंडलाय. मग मास्टरच्या तोंडचं युनियन, म्हणजे पाइपच्या जोडाचा नट, फडकं धरून जरासं सैल करा. तेल उडून गाडी मोकळी झाली तर मास्टर किंवा रॉड. नाही झाली तर सर्व्होच्या पुढचं युनियन. तिथे सुटली तर सर्व्होचा पिस्टन परत येत नाही. तेल रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, रंग खातं ते. नंतर लाइनमधली हवा काढायची इंजिन बंद ठेवून: सर्व्होला हवा काढायचं निप्पल असेल तर आधी तिथली, मग सर्वांत लांबच्या चाकापासून. सर्व्होचं तेल बाहेर पडायचं टोक वर ठेवून बसवलंय ना तेही बघा. आडवा ठोकला असेल तर हवा आत राहते आणि पेडल कायम स्पंजी.

एक विचारतो, रागावू नका. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडता का? आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांना ती खोड फार. इंजिन बंद की व्हॅक्यूम बंद, दोन-तीनदा दाबलात की सर्व्होतला साठा संपतो आणि पेडल दगड होतं. गिअरमध्ये उतरा. ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंजिन सर्वांत जास्त व्हॅक्यूम देतं, आणि तेच गाडीही रोखून धरतं. सर्व्होने ब्रेक चांगला होत नाही, फक्त हलका होतो. ड्रम तापून ढिला पडायचा तो पडतोच, उलट पाय हलका असल्यामुळे उशिरा कळतं.

बांदोड्याची_फियाट
मेस्त, इंजिन बंद करत नाही, पण चौथ्या गिअरमध्ये उतरतो हे खरं. आज मोले ओलांडून अनमोड चढून परत उतरलो. गाडी धरली. नळी उपसली तर थोडी ढिली पडली, पुरती नाही. मास्टरचं युनियन सोडलं तर चिळकांडी उडाली आणि चारही चाकं मोकळी. पेडल बोटाने दाबून बघितलं, प्ले शून्य. रॉडचा लॉकनट नवाकोरा चमकतोय, म्हणजे सर्व्हो बसवताना कोणीतरी पेडल वर यावं म्हणून रॉड लांब केलाय. आता किती ठेवू? आणि मागचं उजवं चाक बाकीच्यांहून गरम होतं.

मेस्त_सांखळी
रॉड आणि पिस्टन यांच्यात जेमतेम एक मिलीमीटर. पेडल आधी बोटाने मोकळं हललं पाहिजे, मग अडलं पाहिजे. पेडल त्यामुळे खोल गेलं तर रॉडला हात लावू नका, शू जवळ घ्या. चाक उचला, घासेपर्यंत आवळा, मोकळं फिरेपर्यंत सोडा. पेडल वर आणायची योग्य जागा ती. मग इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा मारा, दाबून धरा आणि स्टार्टर द्या. पायाखाली किंचित खाली सरकलं तर सर्व्हो काम करतोय. आणि तेल सगळं बदला, डॉट ३ किंवा डॉट ४. आपल्या दमट हवेत ते पाणी ओढतं, आणि तुमचं आता एकदा उकळल्यासारखंच आहे.

मागच्या उजव्यासाठी आधी हँडब्रेकची केबल बघा. पावसाळ्यानंतर ती गंजून आवरणात अडकते. लिव्हर खाली असतो, शू मात्र चिकटलेला. केबल सोडून चाक फिरवा. तरी धरत असेल तर व्हील सिलिंडर उघडा.