फेस्टिव्हल की क्लब?

प्रश्न: मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, बडी गाय या अमेरिकन ब्लूज गायकांची एकच लाइव्ह रेकॉर्ड माझ्याकडे दोन नावांनी आहे. एका कव्हरवर ‘फोक फेस्टिव्हल ऑफ द ब्लूज’, दुसऱ्यावर ‘ब्लूज फ्रॉम बिग बिल्स कोपाकबाना’. मग रेकॉर्डिंग नक्की कुठलं? डोकं भणभणलंय.

उत्तर: कोपाकबाना नावाच्या क्लबमधलं. शिकागो, जुलै १९६३. बिग बिल हिल म्हणजे तिथला रेडिओवाला. ‘फेस्टिव्हल’ हे मला विकायला लावलेलं नाव वाटतं. तेव्हा फोक म्हणजे लोकसंगीताची चलती होती ना!

उत्तर: सगळं क्लबमधलं नाही हं. त्याच रेकॉर्डवरचं सनी बॉय विल्यमसनचं ‘ब्रिंग इट ऑन होम’ हे गाणं स्टुडिओतलं, वरून टाळ्या चिकटवल्यात. हेडफोन लावून ऐका.

प्रश्नकर्ता: ऐकलं. अरेच्चा! त्याच टाळ्यांवर मी इतकी वर्षं खूश होतो.