कॉलेजात गेलेल्या मुलाचा ओटीपी बाबांच्या फोनवर का?

(बडोद्याच्या न्यायमंदिर, मांडवी आणि रावपुरा या भागांतल्या तीन घरांचं बोलणं.)

न्यायमंदिर : मुलगी पुण्याच्या वसतिगृहात, ओटीपी बडोद्यात आणि बाबा मीटिंगमध्ये. ते फोन बघेपर्यंत ओटीपी बाद! बारावीच्या सुटीतच आधारला मुलांचा स्वतःचा नंबर जोडा, मग डिजिलॉकर (कागदपत्रं फोनवर ठेवायचं सरकारी ॲप), शेवटी बँक. क्रम उलटा केला की अडतं, कारण डिजिलॉकर आणि ई-केवायसीचा, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीचा, ओटीपी आधारच्याच नंबरवर जातो. 18 पूर्ण झाली की मायनर खात्याला नवी केवायसी आणि सही लागते, तेही उरकून घ्या.

मांडवी : नंबर बदलला की मूल शहाणं झालं, असं थोडंच आहे? मेसचे पैसे 15 तारखेला संपतात आणि पोर लाजेने सांगत नाही. यूपीआय सर्कल लावून द्या, म्हणजे पोर आपल्या फोनवरून पालकांच्या खात्यातून पैसे देऊ शकतं : महिन्याला 15,000, एका वेळी 5,000 ही कमाल, त्याखाली आपली मर्यादा आपण ठरवायची. अँटी-रॅगिंगचं हमीपत्रसुद्धा विद्यार्थी आणि पालक दोघांकडून घेतात. नियमच पालकांना बाहेर काढत नाही, तर आपण का निघायचं?

न्यायमंदिर : सर्कलमध्ये प्रत्येक चहाची खबर घरी पोचते. ‘काल रात्री 180 कशाचे?’ असे दोन फोन आले की पोरगं मित्राच्या फोनवरून पैसे द्यायला शिकतं. मेसचे पैसे परस्पर भरा, वरखर्च दर सोमवारी ठरलेला पाठवा आणि हिशेब मागू नका.

रावपुरा : तुमचं सगळं वसतिगृहावरच चाललंय. सयाजीराव विद्यापीठ 1949 पासून गावात आहे, घरून जाणाऱ्यांचं काय? शाळा सात ते बारा, हे घराला पाठ असतं. कॉलेजात नऊला एक तास, पुढचा एकदम दीडला. मधल्या वेळात ‘घरीच आहेस ना, आजीला बँकेत ने.’ बँकेत रांग, दीडचा तास गेला. आठवड्याला 4 तास, 15 आठवडे, म्हणजे एका विषयाचे 60. हजेरी 75 टक्के लागत असेल तर 15 चुकले तरी चालतात. गणपतीत पाच, चुलत बहिणीच्या लग्नात चार, तापात तीन. उरले तीन! वेळापत्रक फ्रिजवर लावा, लायब्ररीचे तासही त्यात लिहा, नाहीतर ते रिकामेच दिसतात.

मांडवी : आजीला बँकेत न्यायलाच हवं. फक्त वार आदल्या रविवारी ठरवा.

रावपुरा : आणि लग्नात बुडणारे चार तास? ते कोण कमी करणार, काकू?