अमाडेउस क्वार्टेटचे वादक एकत्र कसे आले?

प्रश्न: लंडनच्या अमाडेउस क्वार्टेटमधील (चार तंतुवादकांच्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या संचातील) तिघे वादक निर्वासित होते, असे ऐकले. त्यांची गाठ कशी पडली, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद: नॉर्बर्ट ब्रेनिन, सिगमंड निसेल आणि पीटर शिडलॉफ हे ज्यू तरुण नाझी राजवटीमुळे व्हिएन्ना सोडून ब्रिटनमध्ये आले, परंतु युद्धकाळात तेथील सरकारने त्यांनाच शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून स्थानबद्ध केले आणि (दैवगतीच म्हणायची!) शिडलॉफ यांची उरलेल्या दोघांशी ओळख त्या छावण्यांमध्येच झाली. पुढे तिघेही मॅक्स रोस्टाल यांच्याकडे व्हायोलिन शिकले.

आणखी एक प्रतिसाद: चौथे, चेलो (व्हायोलिनच्या कुळातील मोठे, खर्जाचे वाद्य) वाजवणारे मार्टिन लव्हेट, मात्र लंडनचेच. शिडलॉफ यांनी संचासाठी व्हायोलिन सोडून व्हायोला (व्हायोलिनहून थोडा मोठा, खालच्या सुरांचा) हाती घेतला, हे मला विशेष वाटते. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर उरलेल्या तिघांनी बदली वादक न घेता संचच विसर्जित केला.