साईडव्हीलची स्कूटर विकताना किंमत कशी धरावी?

प्रश्न – लातूरकर प्रवासी

लहानपणी झालेल्या पोलिओमुळे माझा उजवा पाय अधू आहे. 2018 साली मी 125 सीसीची गिअर नसलेली नवी स्कूटर घेऊन तिला दोन्ही बाजूंनी साईडव्हील, म्हणजे आधाराची जादा चाके, बसवून घेतली. त्या कामाला तेव्हा 16,000 रुपये लागले. तिच्यावर मी तुळजापूर, परळी, औंढा नागनाथ आणि एकदा वाटेत मुक्काम करत थेट वेरूळपर्यंत जाऊन आलो आहे. आजवर 38,000 किलोमीटर झाले. आता नवी गाडी घ्यायची म्हणून जुनी एका विक्रेत्याला दाखवली, तर त्याने "चाके काढून आणा, मग भाव बोलू" एवढेच सांगितले. चाके काढली तर ज्याला तिची खरी गरज आहे त्याच्या हाती ती जाणार नाही, आणि ठेवली तर भाव येत नाही. बदलाची नोंद आरसीवर आहे. अशा गाडीची किंमत कोणत्या हिशेबाने धरावी?

उत्तर – वाळूजचा मेकॅनिक

परदेशात कॅन-अ‍ॅम स्पायडर किंवा हार्ले-डेव्हिडसनची ट्राय ग्लाइड यांसारख्या प्रवासी गाड्या कारखान्यातूनच तीन चाकांवर बाहेर पडतात, त्यामुळे तिथे गाडीची आणि चाकांची किंमत वेगळी काढावी लागत नाही. आपल्याकडे चाके मागाहून जोडलेली असतात. म्हणून स्कूटरचा एक हिशेब आणि जोडकामाचा दुसरा, असे दोन हिशेब करावेत.

स्कूटरचा भाव त्याच वर्षाच्या साध्या स्कूटरवरून काढावा, मात्र त्यातून झीज वजा करावी. साईडव्हीलची गाडी वळणावर कलत नाही, त्यामुळे आडवा ताण टायर, चाकांच्या बेअरिंगा आणि हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर वळते त्या बेअरिंगा) यांच्यावर येतो. वजन वाढल्याने बेल्ट आणि क्लचही लवकर झिजतात. आणखी एक गोष्ट जाणत्या गिऱ्हाइकाला लगेच कळते: खाचखळग्यात बाजूची दोन चाके उंचवट्यावर चढली की मागचे मधले चाक अधांतरी फिरते आणि गाडी जागची हलत नाही. पावसाळ्यात साईडपट्टीच्या काळ्या मातीत तर हे हमखास होते. स्प्रिंगा नीट असतील आणि चाकांची उंची बरोबर बसवलेली असेल तर हा त्रास पुष्कळ कमी असतो, म्हणून दाखवण्याआधी तेवढे काम करून घ्या. जोड, म्हणजे बाजूची चाके धरणारा सांगाडा, नटबोल्टचा आहे की चासीला वेल्डिंग केलेला आहे, हेही सांगा. वेल्डिंगजवळ बारीकशी तडा दिसली तरी मी स्वतः भाव करायला बसणार नाही.

माझ्या मते चाके सोडवून स्कूटर वेगळी आणि जोड वेगळा विकणे फायद्याचे ठरेल.

उत्तर – परभणीची शिक्षिका

वरच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. एका मॉडेलचा जोड दुसऱ्या मॉडेलवर जसाच्या तसा बसत नाही, त्यामुळे सुटा जोड बहुधा भंगाराच्या भावाने जातो. मी स्वतः चार वर्षांपूर्वी साईडव्हीलची वापरलेली स्कूटर घेतली. विकणाऱ्या काकांनी जोडकामाचे निम्मे पैसे मागितले आणि मी ते घासाघीस न करता दिले, कारण तयार गाडीवर मी दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊ शकले. नवीन जोडासाठी गाडी कारागिराकडे ठेवून पुन्हा आरटीओच्या खेपा घालणे मला शक्य नव्हते. आपला गिऱ्हाईक विक्रेत्याच्या दुकानात येत नाही, इतकेच. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या दिवशी लोक जमतात, तिथे चौकशी करा आणि बसून बघू द्या: सीटची उंची, चढताना लागणारा आधार, कुबडी ठेवायची जागा. माझ्या गाडीला कुबडीचा हूक होता, आणि तो पाहूनच मी होकार दिला.

उत्तर – कागदपत्रे पाहणारा, नांदेड

मोटार वाहन कायद्यात, दिव्यांग व्यक्तीसाठी बदल केलेले वाहन केवळ त्या व्यक्तीनेच किंवा तिच्यासाठीच वापरायचे असते. त्यामुळे घेणाऱ्याजवळ दिव्यांग प्रमाणपत्र आणि अशा वाहनाचा परवाना आहे का, हे आधी पाहा. चाके काढून सर्वसाधारण माणसाला विकणार असाल तर तोही बदलच ठरतो. तो 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंदवावा लागतो. पुष्कळ जण चाके काढतात, पण आरसी तशीच ठेवतात, आणि पुढे अपघात झाला की विम्याचा दावा अडकतो. हस्तांतरासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात, कर्ज फिटले असल्यास फॉर्म 35, आणि घेणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर फॉर्म 28 वरची एनओसी (ना हरकत दाखला). आपली गाडी 2018 ची आहे, म्हणजे नोंदणीच्या 15 वर्षांपैकी निम्म्याच्या आसपास मुदत उरली आहे. जाहिरातीत ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहा.

लातूरकर प्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. जोड नटबोल्टचाच आहे. कोनसेट आणि बेल्ट बदलून घेतो आणि त्यांची बिले गाडीबरोबर देतो. साध्या स्कूटरचा भाव अधिक जोडकामाचे 8,000 रुपये, अशी मागणी ठेवतो आणि चाके काढत नाही. ताईंनी लिहिलेला कुबडीचा हूक माझ्या गाडीला नाही, तो विकण्याआधी बसवून घेतो.