डी. वाय. पाटीलला फुटबॉल पाहिलाय? अनुभव लिहा

आमच्या नेरूळमध्ये या स्टेडियमचं नाव निघालं की दोनच वाक्यं ऐकू येतात : "आज हायवेला अडकणार" आणि "पास आहे का रे?" 2008 च्या मार्चमध्ये उघडलं, डिझाइन हफीज कॉन्ट्रॅक्टर यांचं. पहिल्याच वर्षी आयपीएलची फायनल झाली, तेव्हापासून ते क्रिकेटचंच झालं. पण फुटबॉलही तिथे बराच झालाय. क्रिकेटच्या आठवणी सगळ्यांकडेच असतात, म्हणून इथे मान फुटबॉलला. सुरुवात मी करते.

6 ऑक्टोबर 2017, सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्डकप, पहिला दिवस. न्यूझीलंड-तुर्कस्तान 1-1 संपली आणि पॅराग्वे-माली सुरू झाली. आमच्या मागचे एक काका पहिल्या मिनिटापासून "चल माळी, चल माळी!" आणि त्यांच्यामुळे अख्खी रांग मालीची झाली. सतराव्या मिनिटालाच 0-2. मग त्या पोरांनी मध्यंतराआधी 2-2 केलं. तोवर माझ्या मुलाचा वडापाव हातातच गार झालेला. शेवटी पॅराग्वेच्या एका पेनल्टी गोलवर 2-3 हरले. काका म्हणाले, "माळ्याने पाणी घातलं, फुलं दुसऱ्याने नेली." सेमीला माली परत इथेच आली, आम्हीही गेलो. स्पेनने 3-1 ने हरवलं. काका काही दिसले नाहीत.

— ट्रान्सहार्बरवाला, ठाणे
2014, आयएसएलचं (इंडियन सुपर लीग) पहिलं वर्ष. मुंबई सिटीने पुण्याला 5-0 धुतलं, आंद्रे मोरित्झचे तीन गोल. त्या लीगमधली पहिली हॅटट्रिक, आणि मी तिसऱ्या गोलाच्या वेळी भावाचा फोन घेत होतो. एक तक्रार मात्र आहे. मैदान क्रिकेटचं, म्हणजे गोल. फुटबॉलचा चौकोन त्याच्या मधोमध. गोलपोस्टमागे बसलात तर पलीकडचा गोल नुसता लोकांच्या आवाजावरून कळतो. छपराला मध्ये खांब नाहीत म्हणून निदान मान तरी वाकडी करावी लागत नाही.

— सीवूड्सची मावशी
जानेवारी 2022, बायकांचा एशियन कप. भारताचं इराणशी 0-0 झालं, पुढची मॅच चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी. मी लवकर स्वयंपाक आटोपून टीव्हीपुढे बसले तर बातमी : कोविडमुळे 13 जणीही उभ्या राहू शकत नाहीत, मॅच रद्द. भारत स्पर्धेबाहेरच. न हरता! फायनलला खिडकीतून दिव्यांचा पांढरा उजेड दिसत होता आणि मॅच टीव्हीवर. चीन 0-2 वरून 3-2. बघितली, पण मन लागलं नाही.

— लेकीची आई, जुईनगर
त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्डकपची फायनल. कोलंबियाच्या मुलीच्या पायाला लागून बॉल स्वतःच्याच गोलात. स्पेन 1-0. माझी नऊ वर्षांची विचारते, "आता तिला घरी ओरडतील?" मी म्हटलं, नाही गं. लोकलमध्ये पुन्हा तेच विचारलं.

— सेक्टर सातचा सेक्रेटरी
फुटबॉलवाल्यांनो, तुमच्या मॅचला सोसायटीच्या गेटसमोर गाड्या लावत नाहीत, याबद्दल आभार. कोल्डप्ले बँडच्या कार्यक्रमाच्या तीन रात्री विसरलो नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्या मुलींनी क्रिकेटचा वर्ल्डकप जिंकला त्या रात्री मात्र गेट मीच उघडं ठेवलं.