‘कॅमेरेवाले शंभर फूट लांब ठेवा’ म्हणे!

ट्रायपॉडवाला:
नाशिकच्या रंगपंचमीचा रंग अजून कानामागून निघाला नाही, तोवर इथल्याच एका सदस्याने शेरा मारला: ‘हौशी कॅमेरेवाल्यांना रहाडीपासून (रंगाच्या जमिनीतल्या हौदापासून) शंभर फूट लांब ठेवा. विचारल्याशिवाय फोटो काढणं ही चोरीच.’ त्याखाली टाळ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो. आता लिहितो.

तिवंध्याच्या गल्लीत शंभर फूट लांब म्हणजे मी कुठे उभा राहू? दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात? ज्याने हे लिहिलं, तो रहाड उघडताना कधी तिथे उभा राहिलाय का, हाच प्रश्न आहे. वर्षभर ज्या जागेवरून आपण गाड्या नेतो, ती एका दिवसासाठी उघडते, पूजा होते, मानाचा पहिला धप्पा (उडी) पडतो आणि पाणी थेट वरच्या माडीपर्यंत उडतं. माणूस हवेत असतो तो अर्धा सेकंदसुद्धा नाही. तेवढ्यात मी त्याला विचारू, ‘दादा, आपली परवानगी आहे का?’

अकरा वर्षं हे करतोय. सातपूरला पहिली पाळी करून, स्वतःच्या पैशाने, सेकंडहँड बॉडी आणि दोन लेन्सवर. कॅमेऱ्याला दुधाच्या पिशव्या आणि रबरबँड. एका वर्षी रंग फोकस रिंगमध्ये वाळला, दुरुस्तीवाल्याने जेवढे मागितले तेवढ्यात नवी लेन्स आली असती. कुणाकडे रुपया मागितला नाही.

आता विचारण्याबद्दल. धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते. दोन वर्षांपूर्वी एक आजोबा, एका हातात देवाचा टाक, खांद्यावर नातू. नातू श्रीकृष्ण झालेला, मोरपीस कानावर घसरलेलं, गालावरचा निळा रंग आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्याला लागलेला, आणि पोरगं गाढ झोपलेलं. शिस्तीत विचारलं, ‘बाबा, फोटो काढू?’ आजोबांनी काय करावं? पोराला हलवून उठवलं, मोरपीस सरळ केलं, स्वतः ताठ उभे राहिले. रेशनकार्डाला लावायला उत्तम फोटो आला. मला हवा होता तो गेला. तेव्हापासून आधी काढतो, मग स्क्रीनवर दाखवतो, ‘नको’ म्हणाले तर तिथेच उडवतो. दहातले नऊ म्हणतात, व्हॉट्सॅपवर पाठवा.

२०१५ च्या सिंहस्थात तर विचारलं की साधू दर सांगायचे. विचारून काढलेले साधूंचे माझे सगळे फोटो एकसारखे आहेत, हात वर करून आशीर्वाद. २०२७ च्या सिंहस्थाला जगभरच्या लेन्स गोदाघाटावर येतील. त्यांना शंभर फूट मोजून द्यायला टेप घेऊन कोण उभं राहणार? आणि तोवर चोर आम्ही!

उगाच एक:
ट्रायपॉडवाला असून अख्ख्या लेखात ट्रायपॉड नाही. निषेध.

गोदाकाठची:
नमस्कार. लेख छान आहे, झोपलेला कृष्ण तर फारच छान. आता माझंही ऐका.

वडिलांच्या अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो होतो. भावाचं नुकतंच मुंडण झालेलं. तो पाण्यात उतरला आणि तिथे पहिल्यांदा रडला. आठवडाभर रडला नव्हता. मी पायरीवर उभी होते, माझ्या पदरापासून पाच हातांवर एक गृहस्थ गुडघ्यावर बसून खटखटखट करत होते. मी हात आडवा केला. त्यांनी मान हलवली आणि जरा बाजूला सरकून पुन्हा खटखट. चार महिन्यांनी तो फोटो मैत्रिणीने पाठवला. ‘हा तुझा भाऊ ना?’ काळा-पांढरा. खाली एकच शब्द: ‘मोक्ष’. त्याखाली लोकांच्या ‘क्या बात’, ‘अप्रतिम टोन्स’.

तुमच्याकडे रंग काढून टाकला की दुसऱ्याचं दुःख कलाकृती होतं का हो? दहातले नऊ फोटो मागतात म्हणता. तो दहावा आमच्या घरात राहतो.

ट्रायपॉडवाला:
ताई, वाईट वाटलं. पण तो मी नव्हे. अस्थिविसर्जन, दशक्रिया, स्नान करणाऱ्या बायका हे मी काढत नाही, कधीच काढलं नाही. एका नालायकामुळे सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

गोदाकाठची:
तुम्हाला कुणी बांधलं? चोर म्हटल्यावर दचकलात ते तुम्हीच. आणि ‘मी काढत नाही’ हा तुमचा स्वतःशी केलेला नियम. पायरीवर उभ्या असलेल्या बाईला तो कसा कळावा? तिला फक्त लेन्स दिसते.

लग्नसराई:
दोघांचंही चालू द्या, पण खरा चोर कोण ते मी सांगतो. मी यावर घर चालवतो. पूर्वी ढोल पथकं, मंडळं मिरवणुकीच्या फोटोचे पैसे द्यायची. फार नाही, पण द्यायची. आता तुमच्यासारखे हौशी येतात, एका टी-शर्टवर आणि वडापाववर दिवसभर पळतात, रात्री तीनशे फोटो फुकट ड्राइव्हवर टाकून मोकळे. अध्यक्ष मला विचारतो, ‘ते दादा फुकट देतात, तुम्ही कसले पैसे मागता?’ तुमची हौस होते, माझा हप्ता थकतो. शंभर फूट कमी आहेत, गंगापूर धरणापर्यंत न्या यांना.

ट्रायपॉडवाला:
फुकट देतो म्हणून काय मान मिळतो तेही ऐका. रथोत्सवाचा माझा फोटो. कामदा एकादशी, संध्याकाळचा तिरपा उजेड, दोर ओढणारे हात, गुलालाची धूळ. त्यासाठी तीन तास एका दुकानाच्या पत्र्यावर बसलो होतो. पुढच्या महिन्यात चौकात फ्लेक्स. माझा फोटो! खालची नावाची पट्टी कापलेली, आणि रथाच्या कळसाच्या जागी एका भावी नगरसेवकाचं डोकं. ‘वाढदिवसाच्या रथभर शुभेच्छा.’ खाली चाळीस शुभेच्छुकांचे गॉगल घातलेले चेहरे. मंडळाला फोन केला तर उत्तर काय? ‘दादा, तुमचीच प्रसिद्धी झाली ना.’

उगाच एक:
रथभर शुभेच्छा 😂😂 हे मापच नवीन.

लग्नसराई:
झालं ना समाधान? अजून द्या फुकट. नावाची पट्टी कोपऱ्यात टाकता म्हणूनच कापतात. मी मधोमध टाकतो, पैसे आले की काढतो.

पंचवटीकर:
तो फ्लेक्स मी पाहिलाय. त्यावर आणि तुमच्या अल्बममध्येही ‘श्रीरामरथ’ लिहिलंय. तो रामरथ नाही. गरुडरथ आहे. फोटोत मागे दिसतंय ते गावातलं आहे, नदीच्या पलीकडचं. रामरथ नदी ओलांडत नाही, तो पंचवटीतच फिरतो. गावात जातो तो गरुडरथ. अकरा वर्षं काढताय आणि एवढं माहीत नाही?

ट्रायपॉडवाला:
मुद्दा फोटो चोरीचा आहे, रथाच्या मार्गाचा नाही.

पंचवटीकर:
मुद्दा हाच आहे. ज्याचा फोटो काढता त्याचं नाव तरी धड लिहा. तुम्हाला उजेड तिरपा दिसला, रथ कुठला ते दिसलं नाही. रामरथापुढे मानाचे बुवा रथाकडे तोंड करून उलटे चालतात, तुमच्या फोटोत ते आहेत का? नाहीत. तिथेच कळायला हवं होतं.

ट्रायपॉडवाला:
बुवांचा फोटो का नाही ते कॅमेरा धरलेल्यालाच कळेल. ते रथाकडे तोंड करून चालतात, म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाला त्यांची पाठ मिळते. चेहरा हवा तर रथ आणि बुवा यांच्या मधे घुसावं लागतं. मी घुसत नाही. एका वर्षी एक जण घुसला होता, दोरवाल्यांनी त्याला कॅमेऱ्यासकट उचलून बाहेर ठेवला.

पंचवटीकर:
योग्यच केलं. तो माझा चुलतभाऊ होता, उचलणारा.

लग्नसराई:
माझा पण एक प्रश्न राहिला. गरुडरथाच्या वेळी मंडळं पैसे देतात का रामरथाच्या?

पंचवटीकर:
तुम्हाला रथ म्हणजे मांडव वाटतो का? लग्नात ‘मामा जरा सरका’ म्हणता तसं देवाला म्हणाल एक दिवस.

कोर्टकचेरी:
थोडं कायद्याचं, फी न घेता. सार्वजनिक जागी फोटो काढायला सरसकट बंदी नाही. पण २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय, आणि न्याय संहितेचं कलम ७७ बाईचे खाजगी क्षण टिपणाऱ्याला आणि ते पसरवणाऱ्याला आहेच. रामकुंडाच्या भर गर्दीत ते लागेल का, यावर दोन वकील तीन मतं देतील. फ्लेक्सबद्दल: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने फोटो काढणारा पहिला मालक. नोटीस पाठवता येते. मात्र कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालक पैसे देणारा.

लग्नसराई:
थांबा. म्हणजे लग्नाचे फोटो माझे नाहीत??

कोर्टकचेरी:
करार केलाय का?

लग्नसराई:
पावती देतो.

कोर्टकचेरी:
शुभेच्छा. रथभर.

गोदाकाठची:
मी मगाचपासून वाचतेय. ट्रायपॉडवाले, न विचारता तुमचा फोटो चौकात लावला, तर तुम्ही महिनाभर धुमसलात. एक रथ, तोही नीट ओळखता आला नाही. आमचा तर माणूस होता. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून.

ट्रायपॉडवाला:
ही तुलना साफ चुकीची आहे. माझी मेहनत त्यांनी विकली. मी आजोबांचा फोटो विकला नाही.

गोदाकाठची:
तुम्ही लाइक घेतले. त्या नगरसेवकानेही फ्लेक्स विकला नाही, त्यालाही लाइकच हवे होते.

उगाच एक:
😶

निफाडची थंडी:
माणसं निदान भांडतात तरी. नांदूरमध्यमेश्वरच्या धरणावर, पक्षी अभयारण्यात या. २०२० ला राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं आणि थंडीत रविवारी लेन्सवाल्यांच्या गाड्यांची रांग लागायला लागली. थवा निवांत बसलाय, यांना उडताना हवाय. मग टाळ्या, शिट्ट्या. मागच्या हिवाळ्यात एकाने दगड उचलला. हजारो मैल उडून आलेला पक्षी चार घास खायला उतरतो आणि याला पंखाखालचा उजेड हवा! मी बोललो तर मलाच विचारतो, ‘तुमचं आहे का धरण?’

ट्रायपॉडवाला:
दगड मारणारा फोटोग्राफर नव्हे, गुंड आहे. यात दुमत नाही. पण बघा, प्रत्येक धागा फिरून आमच्याच मानगुटीवर! मोबाइलवाल्यांबद्दल कुणी बोलत नाही. रहाडीवर या वर्षी लेन्स चार होत्या, मोबाइल चारशे. एकेक जण काठीवर मोबाइल लावून थेट पाण्यावर. ते शंभर फुटांत येत नाहीत का?

गोदाकाठची:
येतात. त्यांनाही ठेवा. मी कुठे नाही म्हणते?

पंचवटीकर:
बरं, आता तुमचा अल्बम उघडलाच आहे म्हणून विचारतो. रंगपंचमी, सत्तावीस नंबर. रहाडीतून बाहेर येणारी मुलगी, ओढणी अंगाला चिकटलेली, केस पुसतेय. हा स्क्रीनवर दाखवला होता का तिला?

ट्रायपॉडवाला:
गर्दी होती. शोधली, सापडली नाही.

पंचवटीकर:
किती शोधली?

ट्रायपॉडवाला:
तुम्ही पोलीस आहात का? त्या फोटोत घाणेरडं काहीही नाही. ती हसतेय.

गोदाकाठची:
हसतेय मैत्रिणीकडे बघून. तुमच्याकडे नाही.

लग्नसराई:
मी लग्नात असा फोटो अल्बमात घातला असता तर नवरीच्या बापाने पैसे कापले असते. फुकटवाल्यांचं हे बरं असतं, कापायला काही नसतंच.

कोर्टकचेरी:
कायद्याने मी काही बोलत नाही. बाप म्हणून विचाराल तर काढा.

(एक दिवसानंतर)

ट्रायपॉडवाला:
सत्तावीस नंबर काढला. इथल्या कुणाच्या सांगण्यावरून नाही, मोठा करून पाहिला तर फोकस ओढणीवर होता, चेहऱ्यावर नव्हता. आणि गोदाकाठची ताई, तो ‘मोक्ष’वाला कोणत्या ग्रुपात आहे ते खाजगीत कळवा. आमच्यातलेच दोघे-तिघे त्याला ओळखत असतील, बोलून बघतो. तो काढेल असं नाही.

गोदाकाठची:
कळवते. फोकसचं कारण छान शोधलंत.

पंचवटीकर:
‘श्रीरामरथ’ अजून तसंच आहे.